खाऱ्या विहिरींच्या गावातील काचपेटी

गुरुग्राममधील शोभेच्या माशांच्या दुकानात पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकापुढे जो माल मांडला जातो, त्यात नवखेपणाला झेपेल अशा गोष्टींचा एक ठरावीक संच असतो: दोन फूट लांब आणि प्रत्येकी एक फूट रुंद व उंच अशी टाकी, जी काठोकाठ भरली तर सुमारे ५६ लिटर पाणी धरते, तिच्यात सोडण्यासाठी गोल्डफिशची जोडी, पाच-सहा गप्पी, काळ्या मोली, अंगावर निळे पट्टे असलेले झेब्रा आणि एखादा गुरामी, आणि तळाच्या खड्यांत खोचण्यासाठी वॅलिस्नेरियाच्या फितीसारख्या पात्या व हायड्रिलाच्या काड्या. या सगळ्यांना सरसकट ‘सोपे’ म्हटले जाते. मात्र मासा मुळात सोपा किंवा अवघड नसतो. एखाद्या जातीला सोपेपणाची ही पदवी मिळाली ती ती जात दूरच्या प्रवासात टिकली म्हणून, की जिथे ती पोचली तिथले पाणी तिला मानवले म्हणून, हे तपासू गेले तर दुकानातील ही साधी यादी दोन शतकांच्या व्यापाराचा आणि विज्ञानाचा इतिहास सांगू लागते. त्या इतिहासातील एक लक्षणीय बाब अशी की गुरुग्राममध्ये परदेशी हौस म्हणून विकल्या जाणाऱ्या या माशांपैकी कित्येक याच गंगा-यमुनेच्या खोऱ्यातून युरोपात गेले आणि तिथे नवी नावे घेऊन माघारी आले.

आरंभ पाण्यापासून करणे इष्ट, कारण या प्रदेशाची खरी ओळख तेथील पाण्यात आहे. २०१६ पर्यंत गुडगाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात सुलतानपूर आणि फर्रुखनगर या भागांत जमिनीखालचे पाणी इतके खारे होते की लोक ते पिण्यासाठी नव्हे, तर मीठ काढण्यासाठी उपसत. विहिरीतले खारे पाणी उथळ वाफ्यांत सोडायचे, उन्हाने ते आटू द्यायचे आणि तळाशी बसलेले मीठ ओढून ढीग घालायचे, ही पद्धत कोकणातील मिठागरांची माहिती असलेल्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. फरक एवढाच की येथे समुद्र शेकडो मैल दूर होता आणि भरतीचे काम मोटेला करावे लागे. हे ‘सुलतानपुरी’ मीठ उत्तरेत दूरवर विकले जाई, आणि त्याचे महत्त्व केवढे होते हे एका गोष्टीवरून कळते: १८७३ साली दिल्ली-रेवाडी हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला तेव्हा त्याला गढी हरसरू येथून फर्रुखनगरला जाणारा एक फाटा मुद्दाम जोडण्यात आला, तो प्रामुख्याने मिठासाठी. पुढे सरकारी करामुळे हे मीठ महाग पडू लागले, सांभरसारख्या ठिकाणांच्या मिठापुढे त्याचा निभाव लागेना, आणि १९२३ च्या सुमारास हा धंदा बसला. फर्रुखनगरचा फाटा मात्र राहिला, आणि जमिनीखालचे क्षारही राहिले.

मासे पाळणाऱ्याच्या दृष्टीने या क्षारांचे दोन वेगळे अर्थ होतात. पाण्यात विरघळलेल्या सर्व घन पदार्थांचे एकत्रित प्रमाण दाखवणारा आकडा म्हणजे टीडीएस. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने त्याची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम अशी ठरवली आहे, आणि घरोघरी आरओ यंत्रे विकणाऱ्यांमुळे हा शब्द आता स्वयंपाकघरात पोचला आहे. पाण्याचा जडपणा ही मात्र निराळी गोष्ट असून तो मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येतो. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. गुरुग्रामच्या कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी दोन्ही अर्थांनी भारी असते. याउलट, सोनिपतजवळच्या काकरोई येथून कालव्याने बसई आणि चंदू बुढेडा येथील शुद्धीकरण केंद्रांत येणारे पाणी मूळचे यमुनेचे, म्हणजे हिमालयातले असल्यामुळे बरेच सौम्य असते. ज्या पश्चिम यमुना कालव्याशी ही व्यवस्था जोडलेली आहे, त्याचे मूळ चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने काढलेल्या कालव्यात आहे. एकाच शहरात एका सोसायटीच्या नळाला कालव्याचे पाणी, शेजारच्या सोसायटीला टँकरने आणलेले कूपनलिकेचे पाणी, आणि दोन्हीकडे स्वयंपाकघरात जवळजवळ सर्व क्षार काढून टाकलेले आरओचे पाणी, अशी तीन पाणी नांदत असल्यामुळे ‘गुरुग्रामसाठी योग्य मासा कोणता’ या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही.

फिरोजशहाचा उल्लेख आला आहे तर एक विषयांतर क्षम्य ठरावे. याच सुलतानाने आजच्या हरियाणातील टोपरा गावाहून अशोकाचा एक स्तंभ दिल्लीला हलवून आपल्या कोटल्यात उभा करवला, आणि त्या स्तंभावरील पाचव्या लेखात काही जातींच्या माशांना अभय दिलेले असून ठरावीक तिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत अशी आज्ञा आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५० च्या सुमारास या लेखाचा आणि नंतर कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणाचा अभ्यास केला. कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे याचे त्या प्रकरणातील बारकावे राजाच्या गळ टाकण्याच्या छंदासाठी आलेले आहेत. महाराष्ट्रात महाडजवळच्या वाळणकोंडीत किंवा वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात देवाचे म्हणून राखलेले मासे आजही चुरमुरे खायला काठाशी येतात. म्हणजे माशांना अभय देणे, त्यांना खाऊ घालणे आणि त्यांच्याकडे पाहत बसणे या तिन्ही गोष्टी येथे फार जुन्या आहेत. घरात, काचेआड आणि बंद पाण्यात मासा जिवंत ठेवणे ही मात्र त्याहून वेगळी विद्या आहे, आणि ती माशापेक्षा वनस्पतीमुळे साध्य झाली.

काचेच्या भांड्यात मासा ठेवण्याची हौस युरोपात जुनी होती. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स याने १६६५ साली काचेच्या पेल्यातले मासे पाहिल्याचे नोंदवले आहे. तथापि भांड्यातले पाणी रोज बदलावे लागे, आणि बदलले तरी मासे फार दिवस जगत नसत. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनमधील रसायनशास्त्रज्ञाने हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात आणि प्राण्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वापरतात हे तोवर माहीत झाले होते. तेव्हा दोघांना एकाच पाण्यात ठेवले तर ते पाणी न बदलता टिकेल का, हे त्याने पाहायचे ठरवले. सुमारे बारा गॅलनच्या काचपात्रात, म्हणजे दुकानातल्या दोन फुटी टाकीइतक्याच पाण्यात, त्याने वाळू आणि माती घातली, दोन लहान गोल्डफिश सोडले आणि वॅलिस्नेरिया लावली. प्रारंभी सर्व ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि प्रयोग फसण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा वॉरिंग्टनने डबक्यातल्या काही गोगलगायी त्यात सोडल्या, ज्यांनी कुजका पाला फस्त केला आणि ज्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळू लागली. १८५० साली त्याने हे निष्कर्ष लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. त्यानंतर तीन वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला, आणि दशक संपण्यापूर्वी इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचपेट्यांची साथच पसरली.

वॉरिंग्टनचे अनुमान अर्धे बरोबर होते. प्राणवायूचा हिशेब त्याने अचूक मांडला होता, परंतु बंद पाण्यात मासा प्रथम मरतो तो सहसा प्राणवायूच्या अभावाने नव्हे, तर स्वतःच्याच मलमूत्रातून व कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाने. काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, तेही विषारीच असते. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे पुढे नायट्रेट करतात, जे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असून वनस्पतींना खत म्हणून चालते. हे काम दोन टप्प्यांत आणि दोन वेगवेगळ्या जीवांकडून होते, हे सिद्ध करणाऱ्यांत रॉदमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात काम करणारा जो शास्त्रज्ञ होता, त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, आणि तो काचपेटीवाल्या वॉरिंग्टनचाच मुलगा. त्याने शेतातल्या मातीचा विचार केला, टाकीचा नव्हे. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की याने हे जिवाणू वेगळे करून दाखवले. बापाच्या पात्रात जे घडत होते त्याचे पूर्ण स्पष्टीकरण मुलाच्या शास्त्रात होते, आणि दोन्ही धागे हौशी मंडळींच्या हाती एकत्र यायला पुढे अनेक दशके लागली. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणि मासे एकाच दिवशी, एकाच पिशवीतून घरी नेण्याचा प्रघात मात्र दुकानांतून अजून गेलेला नाही, आणि नवख्याचे पहिले मासे आठवड्याभरात का मरतात याचे कारण बहुतेक वेळा माशांच्या निवडीत नसून या घाईत असते.

ज्या वॅलिस्नेरियाने वॉरिंग्टनचा प्रयोग तारला, ती अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावरील इटालियन निसर्गशास्त्रज्ञ अँतोनियो वालिस्नेरी याच्या नावाने लिनियसने नोंदवली असली, तरी उत्तर भारताला ती व तिच्या सोबतिणी चांगल्या परिचित होत्या. हायड्रिला, वॅलिस्नेरिया यांसारख्या बुडत्या पाणवनस्पतींना तिकडे सरसकट ‘सिवार’ म्हणतात, आणि खांडसारी साखरेच्या कारखानदारीत या सिवारीला मोठे काम असे. उसाचा रस आटवून केलेल्या ‘राब’ नावाच्या दाणेदार पाकातली काकवी एकदा निथळून गेली की उरलेल्या तांबूस साखरेवर ओल्या सिवारीचा जाड थर पसरायचा. त्यातून ओल हळूहळू झिरपत जाई, दाण्यांना चिकटलेली काकवी धुवून खाली नेई आणि वरचा थर पांढरा होई. तो खरवडून काढायचा आणि पुन्हा ताजी सिवार पसरायची. तळ्यातून गाड्या भरभरून काढले जाणारे हे गवत इंग्लंडच्या दिवाणखान्यात मात्र चिनी मातीच्या कुंडीसारखे जपले जात होते. मराठी वाचकाची हायड्रिलाशी ओळख आणखी वेगळ्या मार्गाने झालेली असते, ती शाळेतल्या प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगातून: चंचुपात्रात हायड्रिला, तिच्यावर उलटे नरसाळे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि खिडकीतल्या उन्हात एकेक करून वर चढणारे बुडबुडे.

गुरुग्रामच्या पाण्यात या दोनच वनस्पती इतक्या सहज का वाढतात याचे कारण त्यांच्या पोषणात आहे. पाण्यातील बहुतेक वनस्पतींना विरघळलेला कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि जड, अल्कधर्मी पाण्यात तो फार थोडा असतो. त्यातला कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात अडकून पडलेला असतो. वॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवू शकतात. दक्षिण अमेरिकेतून आलेली, पिसांसारखी नाजूक काबोम्बा त्याच टाकीत पंधरवड्यात झडू लागते, कारण तिला मऊ पाणी हवे असते. सह्याद्रीच्या पठारांवरील डबक्यांत वाढणारा वायतुरा, ज्याची सातारा जिल्ह्यातील जात ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’ या नावाने १९८२ मध्ये शास्त्राला ज्ञात झाली, हौशी लोकांना मोह पाडतो खरा. पण पावसाळ्यात फुलून नंतर कंदाच्या रूपाने जमिनीत विश्रांती घेणारी, आणि मुळातच दुर्मीळ असलेली ही वनस्पती काचपेटीसाठी नाही, हे स्पष्ट म्हटलेले बरे.

वनस्पतींनी पेटी शक्य केली, तरी त्यात कोणते मासे येणार हे जहाजांनी ठरवले. वाफेच्या बोटीवर पत्र्याच्या डब्यात आठवडेच्या आठवडे हिंदकळत जाणाऱ्या पाण्यात प्राणवायू लवकर संपतो, आणि असा प्रवास सोसणारे मासे थोडेच असतात. पॅरिसचा पिएर कार्बोनिये याला १८६९ मध्ये चीनमधून ‘पॅराडाइज फिश’ मिळाले. पाठवलेल्यांपैकी बहुतेक वाटेत मेले, पण जे उरले त्यांनी त्याच्या टाक्यांत पिल्ले घातली आणि युरोपच्या शोभिवंत माशांच्या व्यापाराला सुरुवात झाली. हा मासा टिकला याचे रहस्य त्याच्या डोक्यात आहे: कल्ल्यांच्या वर घड्या-घड्यांचा एक कप्पा असतो, ज्याला चक्रव्यूहासारख्या रचनेमुळे लॅबिरिंथ म्हणतात, आणि त्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. सयामचा फायटर आणि भारतातले गुरामी याच गटातले. १८७५ मध्ये कार्बोनियेने ‘भारताच्या इंद्रधनुष्यी माशा’च्या घरटे बांधण्याविषयी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे निवेदन केले. नर मासा तोंडातली लाळ आणि हवा यांचे बुडबुडे करून पाण्यावर तरंगता फेसाचा गोळा रचतो, मादीने घातलेली अंडी त्यात नेऊन ठेवतो आणि खाली घसरलेले अंडे तोंडात झेलून पुन्हा वर फुंकतो. बंगालच्या भातखाचरांत हे पिढ्यान् पिढ्या चालले होते. पॅरिसमध्ये ते नवल ठरले.

हे मासे युरोपात जिवंत पोचण्याच्या अर्धशतक आधी त्यांची नावे तिकडे गेली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस ब्यूकॅनन, ज्याने पुढे आईकडचे हॅमिल्टन हे आडनाव घेतले, याने १८०७ ते १८१४ या काळात बंगाल इलाख्याची पाहणी केली आणि त्या भटकंतीत कोळ्यांच्या जाळ्यांतले मासे एकेक करून तपासले. देशी चित्रकारांकडून त्याने करवून घेतलेली चित्रे मायदेशी नेण्यास गव्हर्नर जनरलने परवानगी नाकारली, तरीही १८२२ मध्ये एडिंबरोला त्याचा गंगेच्या माशांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नवख्याला सोपे म्हणून दिले जाणारे किती मासे त्या एका पुस्तकात पहिल्यांदा वर्णिलेले आहेत हे पाहून आश्चर्य वाटते: झेब्रा, रोझी बार्ब, टिक्टो बार्ब, ड्वार्फ गुरामी, हनी गुरामी, काचेसारखा पारदर्शक ग्लास फिश, बाडिस. हॅमिल्टनने नावे देताना लॅटिनचा सोस धरला नाही. कोळी जे म्हणत तेच त्याने लॅटिन लेखनपद्धतीत बसवले. त्यामुळे शास्त्रीय परिभाषेत आज रूढ असलेला ‘पुन्टियस’ हा बंगालीतला पुँटी आहे, ‘चांदा’ हा चांदाच आहे, ‘डॅनिओ’ या नावात धानाच्या शेतातला ‘धानी’ दडला आहे, आणि गुरामींना दीर्घकाळ लावले गेलेले ‘कोलिसा’ हे नाव म्हणजे खोलिशा. टोकियोतला किंवा टोरांटोतला हौशी मनुष्य लॅटिन समजून जे उच्चारतो, ते बऱ्याच वेळा उत्तर बंगालच्या कोळीवाड्यातले शब्द असतात.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे मासे जिवंत रूपात जर्मनीला पोचले आणि तेथे त्यांची पैदास सुरू झाली. झेब्रा माशाची कहाणी तर पुढे प्रयोगशाळेत शिरली: अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर याने पाळीव माशांच्या दुकानातून आणलेल्या झेब्रांवर काम करून १९८१ मध्ये आपले निष्कर्ष ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर अंड्यातून पारदर्शक वाढणारा हा मासा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांचा आवडता नमुना झाला, २०१३ मध्ये त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन जाहीर झाले. गुरुग्रामच्या हिवाळ्याचा विचार करता त्याचे एक साधे वैशिष्ट्य अधिक उपयोगी आहे. उत्तरेच्या मैदानात जानेवारीतील रात्रीचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, घरातली टाकीही गार पडते, आणि विषुववृत्तीय जंगलातल्या माशांना हीटरवाचून जगणे कठीण जाते. झेब्रा आणि रोझी बार्ब मात्र अठरा अंशांच्या पाण्यातही चपळपणे वावरतात, कारण त्यांचे पूर्वज अशाच हिवाळ्यात वाढले. याउलट, मेक्सिको-कॅरेबियनच्या उष्ण किनाऱ्यांजवळची मोली थंडीला हळवी, पण खाऱ्या पाण्याला पक्की.

मोलीचा भाऊबंद असलेल्या गप्पीचे भारतातले आगमन शोभेसाठी नव्हे, तर आरोग्य खात्याच्या सेवेसाठी झाले. त्रिनिदादहून रॉबर्ट जॉन लेक्मियर गप्पी याने लंडनला पाठवलेल्या नमुन्यांना १८६६ मध्ये त्याचेच नाव मिळाले. हा मासा जर्मनीत त्यापूर्वीच, १८५९ मध्ये, दुसऱ्या नावाने वर्णिला गेला होता असे पुढे उघड झाल्यावर शास्त्रीय नावातून गप्पी गेला, बोलीत मात्र राहिला. डासांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तो भारतात आणला गेला आणि १९२८ मध्ये त्याच कामासाठी त्याचा नातलग गॅम्बुशियाही आला. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारातील गप्पी पैदासीचे हौद आणि ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही भिंतीवरची घोषणा यांमुळे हे नाव इतके घरचे झाले की त्याचा गप्पांशी काही संबंध असावा असेच कित्येकांना वाटते. अंडी न घालता थेट पिल्ले देणारा, महिनाभरात पुन्हा विणारा, जड पाण्यात खूश असणारा हा मासा गुरुग्रामच्या कूपनलिकेच्या पाण्यासाठी जणू मोजूनमापून केलेला आहे. गप्पी आणि गॅम्बुशिया यांना गावच्या तळ्यांत सोडण्याचा जुना उत्साह आता ओसरायला हवा, कारण हे पाहुणे देशी लहान माशांची अंडी-पिल्लेही खातात.

मुंबईत या हौसेला सार्वजनिक रूप दिले ते तारापोरवाला मत्स्यालयाने, ज्याचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर झाले. त्या काळच्या घरगुती टाक्या लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवून आणि सांध्यांत लुकण भरून केल्या जात. लुकण वाळले की टाकी गळायची, आणि जड पाण्यात लोखंड गंजायचे. १९६० च्या दशकात आलेल्या सिलिकॉनच्या डिंकामुळे चौकटीवाचून केवळ काचेची टाकी जोडता येऊ लागली. जवळपास त्याच सुमारास प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून मासे विमानाने पाठवण्याची पद्धत रुळली, आणि व्यापाराची गणितेच बदलली. हवा गिळता येणे ही यापुढे प्रवासाची अट राहिली नाही. पेरूच्या जंगलातील काळसर, मऊ पाण्यातला निऑन टेट्रा, ज्याचे शास्त्रीय वर्णन १९३६ मध्ये झाले, तो आशियातल्या मत्स्यशेतांत लाखोंनी निपजू लागला. आज भारतात चेन्नईच्या कोळत्तूर भागातील आणि कोलकात्याच्या परिसरातील पैदासकार देशभर मासे पुरवतात. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी भरणारा बाजार प्रसिद्ध आहे. थर्माकोलच्या खोक्यांतून दिल्लीकडे येणाऱ्या या मालात हॅमिल्टनचे मासे आणि ॲमेझॉनचे मासे शेजारी शेजारी असतात, आणि दुकानदाराच्या फळीवर दोघांना एकच विशेषण लागते.

ते विशेषण सर्वांना शोभत नाही. ड्वार्फ गुरामी हा मूळचा याच खोऱ्यातला चिवट मासा, पण आग्नेय आशियातील शेतांत पिढ्यान् पिढ्या दाटीने वाढवला गेल्यामुळे त्याच्यात एका विषाणूचा रोग पसरला असून, दुकानातून आणलेले पुष्कळ नर वर्षभरही काढत नाहीत. ज्या गुणामुळे तो सोप्यांच्या यादीत बसला तोच व्यापाराने घालवला. निऑनला यमुनेचे कालव्याचे पाणी चालून जाते, कूपनलिकेचे चालत नाही. गोल्डफिशबद्दल तर अधिक कठोर मत नोंदवले पाहिजे: हजार वर्षे चिनी तळ्यांत वाढवलेला, थंड पाण्याचा, वीतभर लांब होणारा आणि त्या मानाने भरपूर घाण करणारा हा मासा दोन फुटी टाकीत, गुरुग्रामच्या मे महिन्यात, नवख्याच्या हाती देणे ही शुद्ध परंपरागत चूक आहे, जिला वॉरिंग्टनचाही आधार आहे. २०१७ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने काढलेल्या नियमांत वाटीसारख्या गोल भांड्यात मासे ठेवण्यास मनाई होती. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर ते नियम मागे घेण्यात आले आणि वाट्या फळीवर परतल्या.

वनस्पतींच्या बाबतीत उलट दिशेचा प्रवास अधिक महागात पडला. श्रीलंकेची हायड्रिला १९५० च्या दशकाच्या आरंभी शोभेच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली, तिथल्या कालव्यांत सुटली आणि तेथील सरकारला ती काढण्यासाठी आजही मोठा खर्च करावा लागतो. भारताने जलपर्णीच्या रूपाने याच व्यवहाराची दुसरी बाजू भोगली आहे. हरियाणाच्या खेड्यांतले जोहड, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारी गावतळी, शहर वाढताना बरेच बुजले. जे उरले त्यांत कंटाळलेल्या हौशी लोकांनी टाकीतला माल ओतणे हे त्या तळ्यांचे उरलेसुरले आयुष्य संपवण्यासारखे होय.

एवढ्यानंतर कूपनलिकेचे पाणी असलेल्या घरासाठी निवड आपोआप आखडते: गप्पी किंवा मोली, त्यांच्यासोबत सहा-आठ झेब्रा किंवा रोझी बार्ब यांचा थवा, आणि वॅलिस्नेरियाची दाट रांग, मोली निवडल्यास हिवाळ्यासाठी हीटर. टाकी महिनाभर रिकामी चालवायची आणि मग मासे थोडे थोडे करून आणायचे. अशा टाकीच्या काचेवर काही आठवड्यांत पाण्याच्या कडेने एक पांढरी, खरखरीत रेघ उमटते. कोरड्या हवेत आणि पंख्याखाली पाणी झपाट्याने उडते, क्षार मागे राहतात, आणि मालक घटलेल्या पाण्याच्या जागी पुन्हा कूपनलिकेचेच पाणी ओततो, त्यामुळे दर खेपेला टाकीतले पाणी आदल्या आठवड्यापेक्षा अधिक खारे होत जाते. सुलतानपूरच्या वाफ्यांत हेच घडत असे, फक्त तिथे ते मुद्दाम केले जाई. यावर उपाय भर घालणे नसून काढणे हा आहे: आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी नळीने उपसून झाडांना घालावे आणि त्या जागी कूपनलिकेचे व आरओचे पाणी निम्मे-निम्मे मिसळून भरावे. रेघ तरीही पुन्हा उमटते. ती लिंबाच्या फोडीने निघते.